ताणाचे ओझे कोणापुढे उतरवायचे?

दौंडहून पहाटेची गाडी धरून पुण्यात कामाला जाणारा माणूस रात्री घरी येतो तेव्हा मुले झोपलेली असतात. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यात किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर असलेल्याची पाळी सारखी बदलते आणि झोपेची घडी कधी बसतच नाही. राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट दौंडला आहेत; घरचा माणूस बंदोबस्तावर कधी जाईल आणि कधी परतेल, याचा हिशेब तिथल्या कुटुंबांना लागत नाही. शिरूरच्या बेट भागात तर २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबुत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे गेली. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या आणि शाळेतून मूल वेळेत परतले नाही तर त्याच्या आईच्या मनात जे होते, ते ‘ताणतणाव’ या गुळगुळीत शब्दात मावत नाही.

बोलीत या सगळ्याला एकच नाव आहे, टेन्शन. ते अंगावर निघते. छातीत धडधडते, पित्त उसळते, मान आखडते, रात्री दोनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. माणूस गावातल्या डॉक्टरकडे जातो, इसीजी काढला जातो, तो व्यवस्थित येतो. मग डॉक्टर पाठीवर हात ठेवून म्हणतात, काही नाही, टेन्शन घेऊ नका. इथे शरीराची तपासणी संपते आणि खरा प्रश्न सुरू होतो, पण त्याचे उत्तर देणारे कोणी समोर नसते. टेन्शन घेऊ नका म्हणजे नक्की काय करा, आणि ते शिकवणार कोण?

अलीकडे या प्रश्नाला उत्तर म्हणून पाट्या दिसू लागल्या आहेत. समुपदेशन केंद्र, माइंड कोच, हीलर, थेरपिस्ट. शिरूरच्या बाजारपेठेपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत ही नावे पोहोचली. वाचकाला हे ठाऊक असणे आवश्यक आहे की, यांतले ‘थेरपिस्ट’, ‘कोच’ किंवा ‘हीलर’ हे शब्द लावण्यासाठी आपल्याकडे कोणत्याही परवान्याची गरज पडत नाही. दोन दिवसांची कार्यशाळा केलेला माणूस आणि सहा-सात वर्षे मानसशास्त्र शिकलेला माणूस एकाच आकाराची पाटी लावू शकतो. मोटार चालवायला परवाना लागतो, केमिस्टच्या दुकानाला लागतो; माणसाच्या मनाची उकल करायला बसणाऱ्याला मात्र फक्त एक खोली लागते.

कायद्याने काही ओळखी पक्क्या केल्या आहेत आणि त्या समजून घेतल्या तर अर्धा गोंधळ मिटतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस आणि त्यानंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेला डॉक्टर. औषध लिहिण्याचा अधिकार त्याचा. त्याची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक कागदावर छापलेला असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाही. त्याचे काम चाचण्या घेणे आणि बोलण्यातून उपचार करणे. त्याची नोंद १९९२च्या कायद्याने वैधानिक ठरलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागते आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या दोघांबरोबर मानसोपचार परिचारिका आणि मानसोपचार समाजकार्यकर्ता यांनाही मानसिक आरोग्य व्यावसायिक मानले आहे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीत या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले वैद्य-डॉक्टरही त्या व्याख्येत बसतात.

उरतो समुपदेशक. सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे आणि सगळ्यात कमी स्पष्टता त्याच्याबाबतच. मानसशास्त्रात एमए झालेली, पुढे समुपदेशनाचे प्रशिक्षण घेतलेली आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली काम केलेली व्यक्ती रोजच्या ताणावर उत्तम मदत करू शकते. पण एमए करताना पाठ केलेले सिद्धांत आणि समोर रडणाऱ्या माणसाबरोबर बसणे यांत अंतर असते आणि पदवी ते अंतर दाखवत नाही. २०२१च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्य सेवा व्यवसाय आयोग कायद्यात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, समाजकार्यकर्ते यांचा समावेश झाला खरा, पण नोंदणीची घडी बसण्याचे काम संथ चालले आहे. तोवर पाटीवरची अक्षरे वाचून थांबण्याऐवजी आत जाऊन विचारावे लागणार.

काय विचारावे? शिक्षण कुठे झाले, ही झाली पहिली गोष्ट. त्याहून उपयोगी प्रश्न असा, की अवघड प्रसंगी तुम्ही कोणाचा सल्ला घेता? चांगला उपचारक याला पटकन उत्तर देतो, कारण त्याच्या डोक्यावर कोणी ज्येष्ठ असतो, सहकाऱ्यांशी चर्चा करण्याची सवय असते. ‘मला कोणाला विचारावे लागत नाही’ असे कोणी म्हणाले तर चहा पिऊन निघावे. साधारण किती भेटी लागतील, फी किती, मध्येच थांबवले तर काय, हेही पहिल्याच दिवशी विचारण्यात काही गैर नाही. घर बांधताना गवंड्याला आपण हे सगळे विचारतोच. दहा भेटींचे पैसे आगाऊ मागणारा, ‘एकवीस दिवसांत हमखास’ म्हणणारा, पहिल्याच भेटीत घटस्फोट घ्या किंवा नोकरी सोडा असे सांगणारा, गोळ्या आजच बंद करा म्हणणारा, यांच्याकडे पुन्हा जाऊ नये. मानसोपचारतज्ज्ञाने सुरू केलेले औषध बंद करण्याचा निर्णय त्याच्याशी बोलूनच व्हायला हवा.

पदवीचा आग्रह धरताना एक गोष्ट मात्र पारड्याच्या दुसऱ्या बाजूला टाकायला हवी आणि ती शेजारच्या गोव्यातून आली आहे. ‘संगथ’ या संस्थेशी जोडलेल्या विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७मध्ये छापून आले. नैराश्याने बऱ्यापैकी ग्रासलेल्या ४९५ जणांचे दोन गट केले गेले. एका गटाला केंद्रातली नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्याला तीच सेवा अधिक सहा ते आठ भेटींचे समुपदेशन. हे समुपदेशन करणारी माणसे डॉक्टर नव्हती, मानसशास्त्राची पदवीधरही नव्हती. स्थानिक, स्थानिक भाषा बोलणारी, या कामासाठी खास तयार केलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी पाहिले तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते. नुसती नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

या आकड्यांवरून ‘म्हणजे कोणीही चालेल’ असा अर्थ काढला तर तो उफराटा होईल. त्या समुपदेशकांना आखीव पद्धत शिकवली होती. माणसाला जी कामे, जे छंद, ज्या गाठीभेटी सुटल्या आहेत त्या छोट्या पायऱ्यांनी पुन्हा सुरू करून देणे, असा त्या पद्धतीचा गाभा. त्यांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत, सहकारी त्या ऐकून गुण देत, चुका दाखवत. आखीव पद्धत, सराव आणि कोणीतरी काम तपासणारे असणे, या तीन गोष्टी तिथे होत्या. आपल्याकडे भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग लावलेल्या कित्येक ठिकाणी यांतली तिसरी गोष्ट नसते. ती चाचणी नैराश्याची होती, रोजच्या ताणाची नव्हती, हेही ध्यानात ठेवावे. पण भीमा-घोडच्या खोऱ्यासाठी तिचा अर्थ मोठा आहे. पुण्याहून मोठा डॉक्टर येईपर्यंत थांबावे लागेलच असे नाही. गावातली आशाताई, आरोग्य उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, ग्रामीण रुग्णालयातले समुपदेशक यांना नीट शिकवले आणि त्यांच्या कामावर कोणी लक्ष ठेवले, तर पहिली मदत तालुक्यातच उभी राहू शकते. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या उपक्रमाने गावातल्याच स्वयंसेवकांना हाताशी धरून असे काम सुरू केले होते आणि ते पुढे गुजरातेत पोहोचले. पेठला जे सुचले ते शिरूरला अशक्य का असावे?

उपचाराच्या पद्धतींची नावे ऐकून दबून जाण्याचे कारण नाही. विचार आणि वर्तन यांची सांगड तपासणारी सीबीटी ही ताण आणि चिंता यांवर सर्वाधिक अभ्यासली गेलेल्या पद्धतींपैकी एक. तिच्या कुळातली आणि तिच्याही आधीची पद्धत अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडली. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली, तिला ‘विवेकनिष्ठ’ हे नाव मिळाले आणि मराठीत तिच्यावर भरपूर लिहिले गेले. प्रसंग आणि दुःख यांच्या मध्ये आपला स्वतःचा एक हट्ट उभा असतो, असे ही पद्धत सांगते. साहेबाने चारचौघांत बोलायलाच नको होते, मुलाला नव्वद टक्के पडलेच पाहिजेत, हे ते हट्ट. शिरूरच्या कांदा उत्पादकाला बाजारभाव बदलता येत नाही. भाव पडला म्हणजे माझी लायकीच नाही, हा निष्कर्ष मात्र त्याने स्वतः काढलेला असतो आणि तो तपासून पाहता येतो. अर्थात सगळा ताण डोक्यातला असतो असे म्हणणे निव्वळ निष्ठुरपणा ठरेल. सावकाराचा तगादा, थकलेला पगार, नवऱ्याची मारहाण यांवर विचार बदलण्याचा सल्ला देणारा उपचारक कामाचा नाही. तिथे बँक, कामगार कार्यालय, संरक्षण अधिकारी यांचा पत्ता ठाऊक असलेला समाजकार्यकर्ता जास्त उपयोगी पडतो.

पद्धतीइतकेच, कदाचित त्याहून जास्त, वजन पडते ते जुळण्याचे. रुग्ण आणि उपचारक यांच्यातल्या विश्वासाच्या नात्याचा उपचाराच्या यशाशी संबंध आहे का, हे तपासणाऱ्या २९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. नाते जितके घट्ट तितका गुण जास्त, असा कल त्यात सातत्याने दिसला. तेव्हा दोन-तीन भेटींनंतर स्वतःला विचारावे. इथे आपले ऐकून घेतले जाते का? लाज वाटणारी गोष्ट सांगता येईल असे वाटते का? बाहेर पडताना पुढच्या आठवड्यात करून पाहण्यासारखे काही हाती लागते का? उत्तर नाही असेल तर ते त्यांनाच बोलून दाखवावे, आणि तरीही जमले नाही तर उपचारक बदलावा. डॉक्टर बदलला तर अपमान होईल, ही भीड ग्रामीण भागात फार असते. चांगला उपचारक स्वतःहून दुसरे नाव सुचवतो.

या नात्यात भाषेचा वाटा किती, याचा विचार शहरात बसून ऑनलाइन सेवा उभारणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही. ‘काळजात धस्स होतं’, ‘डोक्याला मुंग्या येतात’, ‘जीव नुसता वरखाली होतो’, ‘कशात रामच वाटत नाही’, ही चारही वाक्ये वेगवेगळ्या अवस्था सांगतात. इंग्रजी प्रश्नावलीत खुणा करताना त्या सगळ्या एका चौकटीत कोंबल्या जातात. मोबाइलवरून उपचार घेणे वाईट नाही. न्हावरे किंवा राहू गावच्या बाईला पुण्याला जाऊन येण्यात अख्खा दिवस आणि मजुरी घालवण्यापेक्षा ते बरे. फक्त समोरच्याची नोंदणी वर सांगितल्याप्रमाणेच तपासावी, आणि तिची ही भाषा त्याला कळते का ते पाहावे. शिवाय बोलायला घरात एकटेपणा हवा. दोन खोल्यांच्या घरात, सासूबाई शेजारच्या खोलीत असताना, सासूबाईंबद्दल काय बोलणार? कित्येक जणी मग मळ्यात जाऊन फोन लावतात.

एकटेपणाचा हा प्रश्न तालुक्याच्या गावात वेगळेच रूप घेतो. कोणाची दुचाकी कोणत्या दवाखान्यासमोर उभी होती हे संध्याकाळपर्यंत आळीभर होते. उपचारकाचा मेहुणा आपल्याच कंपनीत असतो. म्हणून अनेक जण मुद्दाम लांबचा उपचारक निवडतात, आणि ती निवड चुकीची म्हणता येणार नाही. कायदा याबाबत रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७च्या कायद्याचे कलम २३ मानसिक आरोग्याविषयीची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देते. जीवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले तर साहेबाला किंवा शेजाऱ्याला काहीही सांगता येत नाही. तरीही कंपनीने नेमलेल्या समुपदेशकाकडे जाताना कामगाराने स्पष्ट विचारावे, की इथले बोलणे व्यवस्थापनाकडे जाते का? कंत्राटी कामगाराला ‘डोक्यावर परिणाम झालाय’ असा शिक्का परवडत नाही, आणि त्याची ही भीती अनाठायी नाही.

सरकारी वाट बिनखर्चाची किंवा अल्प खर्चाची आहे, पण ती लोकांना दिसत नाही. दौंडहून रेल्वेने पुण्याला उतरले की ससून रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथे मनोविकारशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. शिरूरहून पुण्याला येणारा रस्ता तर येरवड्यावरूनच जातो. तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही चालतो. पण ‘येरवडा’ हा शब्द आपण थट्टेत इतका झिजवला आहे की झोप येत नाही म्हणून तिथे केसपेपर काढणे म्हणजे घराण्याची नाचक्की वाटते. औंधच्या जिल्हा रुग्णालयाशी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जोडलेला आहे. देशात १९९६पासून सुरू असलेल्या या कार्यक्रमाची मूळ कल्पनाच उपचार शहरातून तालुक्यात नेण्याची होती. दौंडचे उपजिल्हा रुग्णालय, शिरूर, न्हावरे, यवत इथली ग्रामीण रुग्णालये हीच ती ठिकाणे असायला हवीत. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२३मध्ये सांगितल्यानुसार देशात लाख लोकांमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे, आणि तो पाऊणही शहरात राहतो. तेव्हा प्रत्येक रुग्णालयात रोज तज्ज्ञ मिळणार नाही हे उघड आहे. पण कोणत्या वारी कोण येणार, त्याची पात्रता काय, औषध कुठे मिळणार, हे दर्शनी भागात मराठीत लिहायला तज्ज्ञ लागत नाही. एक फळा लागतो.

शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्याने सुरू केलेला ‘प्रेरणा’ प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांपुरता आहे. पुणे जिल्हा त्यात नाही, कारण पुणे श्रीमंत. हिंजवडीच्या संगणक अभियंत्याची आणि शिरूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याची सरासरी काढली की असे होते.

मदत मिळत नाही तेव्हा माणूस जवळ मिळेल ते घेतो. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळवलेली झोपेची गोळी हा त्यातला सर्रास मार्ग. अल्प्राझोलामसारखी औषधे ‘एच-१’ या कडक यादीत आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. सवय जडते म्हणूनच हा कडकपणा. दुसरा मार्ग संध्याकाळच्या बाटलीचा. तिसरा अंगारे-धुपाऱ्यांचा. देवाच्या दारी मन हलके होत असेल तर त्याला कोण हरकत घेणार? पण ‘डॉक्टरकडे गेलास तर कोप होईल’ असे सांगून कोणी उपचार अडवत असेल, तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा बडगा त्याच्यासाठी आहे.

आणि काही वेळा निवडीत वेळ घालवायचाच नसतो. सलग दोन आठवडे झोप आणि भूक उडाली, कामावर जाणे सुटले, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, दारू हाताबाहेर गेली किंवा जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलून दाखवू लागले, तर समुपदेशकांची तुलना बाजूला ठेवून थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. त्या माणसाला एकटे सोडू नये. घरातली कीटकनाशके त्या काळात कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवावीत. पोलीस केस होईल या भीतीने पूर्वी घरचे लोक प्रयत्न लपवत. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने ३०९ कलम राहिलेले नाही, हे रुग्णालयाच्या दारात घुटमळणाऱ्या नातेवाइकांना कोणीतरी सांगायला हवे.

फोनवरून सुरुवात करायची असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, बिनशुल्क. आतापर्यंत तिथे वीस लाखांहून अधिक फोन आले. भाषेच्या पर्यायांत मराठी आहे. पलीकडून प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटल्यास तज्ज्ञाशी जोडून देतो आणि जवळच्या सेवेची माहितीही देऊ शकतो. हा क्रमांक दौंडच्या फलाटावर, रांजणगावच्या कारखान्यांच्या गेटवर आणि बेट भागातल्या दूध संकलन केंद्रांच्या भिंतीवर रंगवायला रंगाचा एक डबा पुरेल.